लपवणे सोपे, राखणे अवघड

जगभरात आज तीस लाखांहून अधिक डबे झाडांच्या ढोलीत, दगडांच्या कपारीत, रस्त्याकडेच्या कठड्यांमागे आणि शहरांतल्या दिव्याच्या खांबांपाशी लपवलेले आहेत. कोणा अनोळखी माणसाने येऊन ते शोधावेत, अशीच लपवणाऱ्याची इच्छा असते. म्हणून प्रत्येक डब्याचे अक्षांश-रेखांश तो स्वतःच जाहीर करतो. शोधणारा मोबाइल किंवा हातात मावणारे जीपीएस यंत्र घेऊन तिथवर पोचतो, डबा हुडकतो, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितो, डबा होता तसा परत ठेवतो आणि घरी येऊन भेटीची नोंद करतो. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. उत्तर अमेरिकेच्या जंगलांत फिरणारे शिकारी आणि व्यापारी परतीच्या वाटेसाठी शिधा-सामान दडवून ठेवत, त्या साठ्याला हेच नाव होते.

या खेळाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा शोधणाऱ्याच्या बाजूने. खजिन्याचा शोध म्हटले की वाचणाऱ्याचे कुतूहल आपोआप जागे होते. या लेखाचा विषय दुसरी बाजू आहे : लपवणारा. गेली काही वर्षे मी या खेळाचे नियम, त्यांत होत गेलेले बदल आणि एकेका डब्याखाली साठलेल्या नोंदी वाचत आलो आहे. त्यातून माझ्यापुरता एक निष्कर्ष निघाला. सर्वांच्या वहिवाटीच्या जागेत एखादी वस्तू ठेवून येणे हे पाच मिनिटांचे काम असते, पण त्या पाच मिनिटांत एक जबाबदारी जन्माला येते आणि तिची मुदत कुठेच लिहिलेली नसते. जिओकॅशिंगचे नियम म्हणजे ही जबाबदारी नेमकी काय आहे, ते पंचवीस वर्षे ठेचा खात शिकलेल्या लोकांनी लिहून काढलेले टाचण आहे. डबे न शोधणाऱ्यांनीही ते वाचण्याजोगे आहे.

पहिली बादली

जीपीएस ही मुळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत हे खाते मुद्दाम थोडी गफलत मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्रावर दिसणारी जागा १०० मीटरपर्यंत चुकू शके. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी ही मिसळ थांबवण्याची घोषणा केली आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. एका रात्रीत यंत्रांची अचूकता सुमारे दहापट वाढली.

लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या संगणक-सल्लागाराने ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हरक्रीक येथे झाडीत एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही-पेन्सिल, पुस्तक, सॉफ्टवेअरच्या तबकड्या, चित्रफीत, चार डॉलर, एका बेचकीची मूठ आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक हवाबंद डबा होता. बादलीचे अक्षांश-रेखांश त्याने जीपीएसच्या हौशी मंडळींना कळवले. अट एवढीच, की काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. पहिला होता माइक टीग. अशा लपवलेल्या वस्तूंची यादी ठेवायला त्यानेच सुरुवात केली. मे महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने या खेळासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले तेव्हा जगभरात मिळून ७५ डबे होते.

हीच बादली आज कोणी नोंदवायला आणली तर ती नाकारली जाईल. डबा ठेवण्यासाठी जमीन खणायला आता मनाई आहे आणि आत खाण्याची वस्तू ठेवायलाही. ज्या बादलीपासून खेळ सुरू झाला तीच पुढे नियमबाह्य ठरावी, यात मला विसंगती वाटत नाही. एक बादली पुरली तर रानाचे काही बिघडत नाही. पण तीच गोष्ट लाखो लोक करू लागले की प्रत्येक खड्डा हिशेबात धरावा लागतो. खाण्याचेही तसेच. वासाने प्राणी येतात, डबा कुरतडतात, फोडतात, आणि माणसाच्या वस्तूंत अन्न असते हे शिकून जातात.

तीन गुंठ्यांतला शोध

लपवणाऱ्याचे पहिले कर्तव्य म्हणजे जागा खरी सांगणे. ते वाटते तितके सरळ नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांकडून संकेत यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र आपली जागा काढते. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो. म्हणजे वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक झाली तर अंतरात ३० सेंटिमीटरची चूक होते. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. दाट झाडीत, दरीत किंवा उंच इमारतींच्या मधोमध संकेत कड्यांवर-भिंतींवर आपटून वळणे घेत येतात आणि चूक वाढते.

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाला दशांश चिन्हापुढे तीन आकडे देतात. अक्षांशातला शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा १.८५ मीटर सरकते. लेखनपद्धती इतकी बारीक असली तरी मोजणी तितकी बारीक नसते. लपवणाऱ्याची चूक ५ मीटर आणि शोधणाऱ्याची ५ मीटर धरली, तर वाईटात वाईट स्थितीत १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात शोधावे लागते. त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने तीन गुंठे. तीन गुंठे रानातला प्रत्येक दगड दहा-वीस माणसांनी उलटला तर त्या रानाचे काय होईल, हे सांगायला नको. म्हणून जाणते लोक वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिशांनी त्या जागी येऊन अनेकदा मोजणी करतात आणि सरासरी काढतात. लपवणाऱ्याने वाचवलेला अर्धा तास पुढे त्या जागेच्या गवताला आणि मुळांना फेडावा लागतो.

चांगले लपवणे कशाला म्हणावे

न सापडणारा डबा म्हणजे चांगला डबा, असा नवख्याचा समज असतो. अनुभवी लोक त्याला फारशी किंमत देत नाहीत. पाइनच्या शंभर सारख्या झाडांपैकी एकावर बोटाच्या पेराएवढी डबी टांगणे कोणालाही जमते. त्यात लपवणाऱ्याची कल्पकता दिसत नाही, शोधणाऱ्याचा वेळ मात्र जातो. खेळात प्रत्येक डब्याला दोन अंक दिलेले असतात, शोधण्याच्या अवघडपणाचा आणि वाटेच्या खडतरपणाचा. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. वाटेला १ अंक दिला तर तिथे चाकांच्या खुर्चीवरून पोचता आले पाहिजे. या अंकांत कुठेही ‘चांगला’ हा शेरा नाही.

तो शेरा डिसेंबर २०१०पासून वेगळ्या वाटेने मिळू लागला. सशुल्क सभासदाने दहा डबे शोधले की त्याला आपल्या आवडत्या एका डब्याला एक पसंतीगुण देता येतो. दहातून एकच निवडायचा असल्यामुळे हा गुण उगाच कोणी उधळत नाही. भरपूर पसंतीगुण मिळालेल्या डब्यांखालच्या नोंदी वाचल्या तर त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. एक, ती जागाच येण्याजोगी होती : विसरलेला घाट, जुना पूल, एरवी कोणी न वळणारी टेकडी. दोन, डबा किंवा तो ठेवण्याची युक्ती हाताने केलेली होती, तिच्यावर कोणीतरी संध्याकाळ घालवलेली होती. तीन, वर्णन प्रामाणिक होते. जाता किती वेळ लागेल, पावसात वाट कशी असते, मूल सोबत न्यावे की नाही, हे आधी सांगितलेले होते.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या दुकानांच्या वाहनतळांवरचे डबे येतात. तिथल्या दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचे सैल झाकण असते. ते वर सरकवायचे, खालची डबी काढायची, सही करायची आणि गाडीत बसायचे. नियमाला धरून असलेल्या, पण कोणाच्याही लक्षात न राहणाऱ्या या डब्यांबद्दल खेळाडूंत कायम वाद असतो.

माझ्या मते या वादात एक मुद्दा पुरेसा पुढे येत नाही. प्रत्येक डबा शोधणाऱ्याला काहीतरी शिकवतो. विजेच्या खोट्या पेटीत डबा लपवला, की तो शोधणारा पुढच्या वेळी खरी पेटी उघडून पाहणार. रचीव दगडी भिंतीच्या फटीत एक डबी ठेवली, की पुढच्या भिंतीचे दगड उपसले जाणार. ब्रिटनमध्ये चुना-माती न वापरता रचलेल्या शेतांच्या जुन्या भिंतींत डबे ठेवायला याच कारणाने मनाई आहे. लपवण्याच्या जागेचा दर्जा ठरवताना ‘हे बघून लोक पुढे कुठे हात घालतील?’ हा प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन.

१६१ मीटर आणि बाकीचे नियम

ठेवण्याच्या नियमांतला सर्वांत प्रसिद्ध नियम अंतराचा. दोन डब्यांत निदान ५२८ फूट, म्हणजे मैलाचा दहावा भाग, म्हणजे १६१ मीटर अंतर हवे. एकाचा डबा शोधताना दुसऱ्याचा हाती लागू नये आणि एकाच रानात गर्दी होऊ नये, हा हेतू. पण किमान म्हणून सांगितलेली मर्यादा माणसे पुष्कळदा मोजपट्टी म्हणून वापरतात. नेव्हाडा राज्याच्या वाळवंटातल्या एका रस्त्यावर नेमक्या तेवढ्या अंतरावर हजाराहून अधिक डब्या ओळीने मांडल्या गेल्या. दिवसात शेकडो शोधल्याचा आकडा मिळवायला लोक तिथे जाऊ लागले. अशा रांगांवर काही जण थांबण्याचा वेळ वाचवायला आधीच सही केलेली डबी ठेवून तिथली उचलतात आणि पुढच्या ठिकाणी तीच ठेवतात. मग कोणती डबी कोणाची आणि कुठली, हा प्रश्नच उरत नाही. १६१ मीटरचा नियम अक्षरशः पाळून त्याचा हेतू कसा हरवता येतो, याचे हे उदाहरण.

बाकीचे नियम आपल्या ओळखीच्या सार्वजनिक शिस्तीचेच आहेत. जागेच्या मालकाची किंवा ती सांभाळणाऱ्या खात्याची परवानगी हवी. सजीव-निर्जीव कशालाही इजा नको, म्हणून झाडाला खिळा किंवा स्क्रू नको. शाळा, लष्करी ठाणी, विमानतळ, लोहमार्ग, धरणे अशा ठिकाणांजवळ डबा नको. आत दारूगोळा, सुरी, मद्य नको. डब्याच्या आडून धंद्याची, धर्माची वा राजकारणाची जाहिरात नको. डबा निदान तीन महिने टिकेल अशा बेताने ठेवलेला हवा आणि लपवणाऱ्याला तिथे वेळोवेळी जाता आले पाहिजे. सुटीवर गेलेल्या माणसाने परमुलखात डबा ठेवून विमानात बसायचे, हे चालत नाही. तसे करायचे तर तिथे राहणारा कोणीतरी देखभालीला तयार असल्याचे दाखवावे लागते.

हे सगळे तपासतात स्वयंसेवक परीक्षक. ते सहसा जागेवर जात नाहीत. नकाशा, वर्णन आणि लपवणाऱ्याचे म्हणणे पाहून डबा जाहीर करायचा की नाही ते ठरवतात. म्हणजे परवानगी खरोखर घेतली का, जमीन खरोखर खणली नाही ना, हे शेवटी लपवणाऱ्याच्या शब्दावरच अवलंबून असते.

तो शब्द कच्चा निघाला तर काय होते, ते इंग्लंडच्या वेदरबी या गावाने जुलै २०११मध्ये पाहिले. तिथल्या एका कॅफेबाहेर लपवलेल्या छोट्या प्लास्टिकच्या डबीपाशी एक जण काहीतरी खटपट करताना दिसला. कोणीतरी पोलिसांना कळवले, रस्ता बंद झाला आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने स्फोट करून डबी उडवून दिली. डबी खेळातली होती, पण ते पाहणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. शोधणारा शोधताना कसा दिसेल, याचा विचारही लपवणाऱ्यानेच आधी करायचा असतो.

हे शहाणपण या खेळाआधीचे आहे. इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ओसाड माळ आहे. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली तिथल्या क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी, चालत येणाऱ्यांनी आपली नावाची कार्डे टाकावीत म्हणून एक बरणी ठेवली. त्यातून पुढे पेट्या लपवून रबरी शिक्के जमवण्याचा ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद वाढला. पेट्या वाढल्या तसे तिथल्या हौशी लोकांनाही नियम करावे लागले : पुरातन दगडी रांगांत, समाध्यांत, भिंतींत आणि पडक्या वास्तूंत पेटी ठेवू नये, जमिनीला धक्का लावू नये. यंत्र नव्हते, उपग्रह नव्हते, तरी अनुभव त्याच जागी घेऊन आला.

पाणी, ऊन आणि कागद

डब्याचा खरा शत्रू चोर नसतो, पाणी असते. सगळा खेळ एका कागदावर चालतो आणि कागद भिजला की सहीला जागा उरत नाही. सुरुवातीच्या काळात फोटोच्या रिळाच्या डब्या फार वापरल्या गेल्या, कारण त्या फुकट मिळत. पण त्यांचे झाकण नुसते दाबून बसते. दुपारी डबी तापते, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. रात्री गार झाल्यावर आत पोकळी होते आणि बाहेरची दमट हवा, कधी झाकणावरचे पाणीही, आत ओढले जाते. रोज एक घोट असे करत महिन्याभरात कागदाचा लगदा होतो. पाऊस पडलाच पाहिजे असे नाही, दव पुरते.

म्हणून रबराची कड आणि खटक्याचे झाकण असलेली पत्र्याची लष्करी पेटी या खेळात आदराने पाहिली जाते. रानात ती वर्षानुवर्षे टिकते. शहरात मात्र ती भलताच संशय निर्माण करते. चारही बाजूंनी खटके आणि आत सिलिकॉनची कड असलेले स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे हा मधला मार्ग. उन्हात सगळे प्लास्टिक कधी ना कधी ठिसूळ होते, पण सावलीत ठेवलेले जास्त तग धरते. आत कागद वेगळ्या पिशवीत ठेवतात. पेनाऐवजी शिसपेन्सिल बरी, कारण ती थंडीत गोठत नाही, उन्हात वाळत नाही आणि ओलसर कागदावरही उमटते. ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण लांबून चालत आलेल्या माणसाला डब्यात शेवाळलेला लगदा मिळाला, तर त्या जागेची आठवण तो कशी सांगेल?

देखभालीची साखळी

या खेळातली देखभाल लपवणाऱ्यापासून सुरू होत असली तरी ती बातमीवर चालते, आणि बातमी शोधणाऱ्यांकडून येते. ‘सापडला’ ही नोंद सगळे उत्साहाने करतात. ‘सापडला नाही’ ही नोंद करायला लोक कचरतात, त्यात त्यांना हार दिसते. पण लपवणाऱ्याच्या दृष्टीने हीच नोंद जास्त मोलाची. ओळीने तीन-चार जणांना डबा सापडला नाही, की बहुधा तो जागेवर नसतो. कोणी संकोचाने गप्प राहिले तर पुढच्या दहा जणांची पायपीट वाया जाते आणि त्या जागेची उगाच उलथापालथ होते.

डबा फुटला, वही भरली किंवा भिजली, तर ‘मालकाने लक्ष द्यावे’ अशी नोंद करता येते. मालकाने जाऊन दुरुस्ती करायची आणि तसे नोंदवायचे. लगेच जमणार नसेल तर डबा तात्पुरता बंद ठेवायचा. मालक गप्पच राहिला तर परीक्षक मध्ये पडतो, डबा बंद करतो आणि साधारण चार आठवडे वाट पाहतो. त्यानंतरही हालचाल झाली नाही तर डबा कायमचा यादीतून काढून जुन्या दफ्तरात टाकला जातो.

या साखळीला आतून पोखरणारी एक सवय आहे. एखाद्याला डबा सापडत नाही. परत जाणे जिवावर येते. मग तो खिशातली स्वतःची एक डबी तिथेच कुठेतरी ठेवतो, तिच्यात सही करतो आणि ‘सापडला’ म्हणून नोंदवतो. वरवर पाहता हा परोपकार वाटतो. प्रत्यक्षात मूळ डबा बऱ्याचदा जागेवरच असतो. आता तिथे दोन डबे होतात, एक मेहनतीने लपवलेला आणि एक टाकलेला. टाकलेला सहज दिसतो, म्हणून पुढचे लोक त्यातच सही करतात. मालकाला हरवल्याची बातमी कधी पोचतच नाही आणि बदली डबीची जबाबदारी तर कोणाचीच नसते.

मालक नसलेले डबे

खरा पेच यापुढे आहे. यादी चालवणारी कंपनी एकाही डब्याची मालक नाही. डबा ज्याने ठेवला त्याचाच. यादीतून नाव काढल्याने डबा रानातून उठत नाही. मालकाने खेळ सोडला, गाव सोडले किंवा तो वारला, तर डबा तिथेच राहतो. कागदावर तो नसतो, जमिनीवर असतो. खेळाडूंच्या बोलीत अशा डब्यांना सरळ कचराच म्हणतात.

डबा दुसऱ्याला दत्तक देण्याची सोय आहे, पण देणाऱ्याची संमती लागते. मालक हयात नसेल, त्याने आधी व्यवस्था केली नसेल, तर कोणी कितीही आस्थेने मागितला तरी तो परस्पर मिळत नाही. अशा डब्यांखालच्या नोंदी वाचताना वाईट वाटते. कोणी वही बदलून जातो, कोणी झाकण पुसतो, कोणी मालकाची आठवण लिहितो. काही काळ शेजारधर्मावर डबा तगतो. मग एक दिवस परीक्षकाला विचारावे लागते की याचे उत्तरदायित्व कोणाचे, आणि उत्तर येत नाही.

यावर खेळाडूंत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे, जुने डबे हा खेळाचा इतिहास आहे आणि मालक असो-नसो, लोक सांभाळत आहेत तोवर ते राहू द्यावेत. कॅन्सस राज्यातला ‘मिंगो’ नावाचा डबा ११ मे २०००पासून, म्हणजे पहिल्या बादलीनंतरच्या आठवड्यापासून चालू आहे. जगातला सर्वांत जुना चालू डबा म्हणून लोक तिथे मुद्दाम वाट वाकडी करून जातात. दुसरा पक्ष म्हणतो, मालक नसलेला डबा बंद करून उचलून आणावा, म्हणजे ती जागा नव्या माणसाला मिळते आणि मुख्य म्हणजे ज्या जमीनमालकाने परवानगी दिली त्याला दाद मागायला एक जिवंत माणूस राहतो.

माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परवानगी एका माणसाच्या भरवशावर दिलेली असते. तो माणूस गेला की ती परवानगीही पातळ होते. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई सुरू होते. उद्घाटनाला हार असतो, छायाचित्र असते, देणगीदाराच्या नावाची पाटी असते. दोन वर्षांनी रांजण फुटलेला असतो, पाटी तशीच असते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. रांजण रोज घासायचे काम कोणाच्या नावे लिहिलेले नव्हते, एवढेच. शेजाऱ्यांनी डबा जगवणे ही चांगुलपणाची गोष्ट आहे, पण चांगुलपणाला पत्ता नसतो आणि तक्रार घेऊन जायला पत्ता लागतो.

आपल्या डोंगरांत

महाराष्ट्रातही या खेळाचे डबे ठेवले गेले आहेत. पण इथे हा खेळ अमेरिकेसारखा फोफावला नाही आणि त्याची काही कारणे सरळ दिसतात. लोकलच्या फलाटांवर बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना ऐकत आपण वाढलो आहोत. मुंबईने जे सोसले त्यानंतर गर्दीच्या जागी मुद्दाम एक डबी लपवणे हा खेळ राहत नाही. गडकिल्ल्यांपैकी अनेक संरक्षित स्मारके आहेत. १९५८चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आणि अभयारण्यांपुरता १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लक्षात घेतला, तर परवानगीचा नियम इथे केवळ खेळाचा शिष्टाचार राहत नाही. तटाच्या फटीत बोट घालून डबी शोधणारे हात त्या तटाला नकोच आहेत. आणि पावसाविषयी काय सांगावे? महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तिथे ठेवलेला डबा दर पावसाळ्यानंतर उघडून पाहायची तयारी नसेल, तर तो ठेवूच नये.

खेळातच यावर एक उपाय निघालेला आहे. जानेवारी २००४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मुरामरांग राष्ट्रीय उद्यानात पहिला ‘अर्थकॅश’ जाहीर झाला. अमेरिकेच्या भूशास्त्र संस्थेच्या सहकार्याने चालणाऱ्या या प्रकारात डबाच नसतो. लपवणारा एखादी भूशास्त्रीय जागा निवडतो, ती कशी घडली ते सोप्या भाषेत लिहितो आणि तिथे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय देता येणार नाही अशा प्रश्नाचे उत्तर मागतो. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे उभे खांब, लोणारचे उल्काविवर, ही ठिकाणे या प्रकारासाठी किती योग्य आहेत! पाण्यासोबत फिरणाऱ्या गोट्यांनी कातळ कसा कोरला, हे निघोजला उभे राहून ज्याने ओळखले, त्याला डब्यातल्या सहीची गरज उरत नाही. देखभाल इथेही सुटत नाही. वाट बंद झाली, कुंपण आले, उत्तरे तपासायची राहिली, तर ते काम लिहिणाऱ्याचेच. पण मागे प्लास्टिक राहत नाही.

तरीही ज्याला डबा ठेवायचाच आहे त्याने ठेवण्याआधी चार गोष्टी एका कागदावर लिहून पाहाव्यात. जागेच्या मालकाचे नाव आणि त्याने होकार दिल्याची तारीख. वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यांत आपण तिथे जाणार. आपल्याला जमेनासे झाले तर डबा कोणाकडे जाणार, आणि त्या व्यक्तीला तसे सांगितले आहे का. चौथी गोष्ट म्हणजे डबा शेवटी उचलून कोण आणणार. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक जण देऊ शकतात. चौथ्याचे उत्तर लिहिता आले, तर मगच झाडी हुडकायला निघावे.